दीडशे ग्रॅम हलकी दुनळी

बेनान्सिओ ओलाबारियाबद्दल स्पेनमधल्या आमच्या एइबार गावात कुणी वाईट शब्द काढणार नाही. त्याच्या मयतीला चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं उभी होती आणि जो तो म्हणत होता, मित्र असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बावीस वर्षं त्याच्या शेजारच्या बाकावर बसून मी काम केलं. त्याने माझ्या भावाचं काय केलं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आता तोही गेला आणि भाऊही गेला, तेव्हा सांगून टाकते एकदाचं.

आमचा कारखाना म्हणजे एका इमारतीचा दुसरा मजला. वर माणसं राहायची, खाली मासळीवाला, मधे आम्ही चौदा जण दुनळी बंदुका बनवायचो. बेनान्सिओ जोडारी होता. बाहेरून नळ्यांची जोडी यायची, ती घासूनपुसून मागच्या पोलादी ठोकळ्यात अशी बसवायची की मधून सिगारेटचा कागदही जाता कामा नये. ते त्याचं काम. माझा भाऊ कोस्मे कोरीव काम करायचा. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी, आणि पोलादावर पानं-फुलं-पाखरं अशी उमटायची की हात फिरवावासा वाटे. मी अक्रोडाच्या दस्त्यावर जाळीनक्षी कापायची. मुठीत पकड नीट बसावी म्हणून ती असते. फेलिसाची जाळी हाताला टोचत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. पगार मात्र पुरुषांच्या निम्मा द्यायचे, ते सोडा.

आमच्या बंदुका चांगल्या होत्या. आमच्या म्हणून म्हणत नाही. दुनळी कशी बघायची ते सांगते. आधी सांध्यात उघडून मिटून बघायची. आवाज एकच आणि जाडसर यायला हवा, खडखडाट नको. मग दोन हातांच्या मधे धरून तोल बघायचा. मग खांद्याला लावायची, डोळे मिटून, आणि डोळे उघडले की नजर सरळ दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर पडली पाहिजे. आमच्या बंदुका या तिन्ही गोष्टींत लंडनच्या बंदुकांच्या तोडीला तोड होत्या. लंडनची एक बंदूक घ्यायला घर विकावं लागायचं. आमची घ्यायला एका मोटारसायकलीचे पैसे पुरायचे. म्हणून तर इंग्रज दर वसंतात यायचे.

त्यातला एक उंच, तपकिरी कोटातला, नेहमीचा. सन सत्तरच्या मे महिन्यात तो आला आणि बेनान्सिओने चार महिने खपून जोडलेली बंदूक त्याने उचलली. मिटली. उघडली. खांद्याला लावली. मग मालकांना काहीतरी म्हणाला आणि हसला.

"काय म्हणाला?" बेनान्सिओने मालकांना विचारलं.

"म्हणाला, किमतीच्या मानाने उत्तम आहे. हाताला जराशी जड लागते, पण किमतीच्या मानाने उत्तम."

मालक खूश होते. इंग्रज बारा बंदुका घेऊन गेला. बेनान्सिओ मात्र कानस आपटत काम करत राहिला. दुपारी डबा उघडल्यावर त्याचा बांध फुटला.

"किमतीच्या मानाने म्हणजे काय गं? सासूने सुनेचं कौतुक करावं तसं? पोळी बरी झालीय, माहेरची गरिबी बघता!"

"अरे, बारा घेऊन गेला ना तो?" कोस्मे म्हणाला. "जाऊ दे की."

"तुला काय, तुझी पाखरं बघून तोंड वासतो तो. जड म्हणाला ते माझ्या कामाला. शंभर-दीडशे ग्रॅम! तेवढ्याने लंडनची लंडन आणि आपली आपली?"

कोस्मे त्याच्या डब्यातला मिरचीचा तुकडा उचलून म्हणाला, "खा आता. रागाने वजन कमी होत नाही. तुझं तर मुळीच नाही." आम्ही सगळे हसलो. बेनान्सिओही हसला. पण ते शब्द त्याच्या मनात रुतून बसले होते, हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडे बघत असायची तेव्हा. लपवून काय करू आता या वयात? मला तो आवडत होता.

आमच्यात एक पद्धत होती. जन्मभर परक्यांसाठी बंदुका करायच्या, पण प्रत्येक कारागिराने एकदा आपली स्वतःची करायची. घरची बंदूक म्हणायचो आम्ही तिला. मालक सामान पडत्या भावाने द्यायचे, आणि बाकीचे सगळे जेवणाच्या सुट्टीत आपापलं काम फुकट करून द्यायचे. त्या वर्षी पाळी कोस्मेची होती. दस्ता त्याच्या मापाचा बेतला, त्याची मान लांब म्हणून जरा खोल. जाळी मी कापली. कोरीव काम त्याने स्वतः केलं, चापावरच्या पोलादी पाट्यांवर रानकबुतरं, दोन्ही बाजूंना मिळून सात. आणि जोडणी बेनान्सिओची.

बंदूक तयार होत आली की ती चाचणीला जाते. तिथे नेहमीपेक्षा खूप जास्त दारू भरून बार काढतात. नळ्या टिकल्या तर त्यांच्या बुडाशी शिक्के ठोकतात. आमच्या गावाचा सगळा जीव त्या शिक्क्यांत. जगात कुठेही माणूस बंदूक उलटी करून आधी ते शिक्के बघतो आणि मगच गालाला लावतो. शिक्के बसल्यावर नळीला कानस लावायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारण शिक्का त्या जाडीचा असतो. जाडी गेली की शिक्का नुसतं चित्र.

कोस्मेची बंदूक शिक्के घेऊन परत आली तेव्हा सप्टेंबर चालू होता. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले. मी एक दस्ता पुरा करत बसले होते. शेजारी खर्रखर्र ऐकू आलं म्हणून मान वर केली, तर बेनान्सिओ. नळ्या बाकावरच्या शिकंज्यात आवळलेल्या आणि लांब कानस मधल्या भागावर चाललेली.

"अरे, शिक्के बसलेत ना तिला?" मी म्हटलं. "आता काय करतोयस?"

"दोन केसांएवढी जाडी काढतोय गं. एवढ्याने काय होतंय?"

"दोन केस?"

"आधी घासली असती तर चाचणीवाल्यांनी नाकं मुरडली असती. लंडनवाले काय वेगळं पोलाद वापरतात? बघ तू. कोस्मेच्या हातात कुणी किमतीच्या मानाने म्हणणार नाही."

तीन दुपारी कानस चालली. मी बघत होते. चौथ्या दिवशी त्याने नळ्यांना नवा काळा मुलामा दिला, आणि खालच्या मासळीवाल्याच्या तराजूवर बंदूक ठेवली. पहिल्यापेक्षा दीडशे ग्रॅम कमी. कोस्मेने ती उचलली आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की मीही टाळ्या पिटल्या. "बेनान्सिओ, लेका, हे काय केलंस? ही तर आपणहून वर येते!" तो ती पुन्हा पुन्हा खांद्याला लावत राहिला. तिला खारवलेल्या माशाचा वास येत होता, त्याचंही त्याला काही नव्हतं. मी टाळ्या पिटल्या हे विसरत नाही मी.

ऑक्टोबरात रानकबुतरांचे थवे डोंगराच्या खिंडीवरून जातात. कोस्मे काडतुसं घरीच भरायचा, सगळेच भरायचे. स्वस्त पडतात आणि आपल्या मनासारखी होतात. रविवारी सकाळी तो आणि बेनान्सिओ खिंडीवर गेले. अकराच्या सुमारास कोस्मेच्या बंदुकीची डावी नळी मधेच फुटली. बंदूक उडवताना डावा हात नळ्यांखाली असतो. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं खिंडीतल्या गवतात गेली, आणि बेनान्सिओने आपला सदरा फाडून हात बांधला आणि त्याला पाठीवर घेऊन तासभर उतार उतरला. हे खरं आहे. हे त्याच्या मयतीतही सगळे सांगत होते.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर मी आणि कोस्मेची बायको हुलियाना बसलो होतो. सिव्हिल गार्डचे दोन शिपाई पंचनाम्याला आले. त्यांनी बेनान्सिओला विचारलं, कशामुळे फुटली?

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या सदऱ्याला, म्हणजे सदऱ्याचं जे उरलं होतं त्याला, माझ्या भावाचं रक्त होतं.

"काडतुसं तो घरी भरतो," बेनान्सिओ म्हणाला.

बस्स, एवढंच. एक शब्द खोटा नाही. शिपायाने लिहून घेतलं. कोस्मेच्या पट्ट्यातली उरलेली काडतुसं त्यांनी उघडून तपासली, सगळी मापात निघाली. मग म्हणाले, जे फुटलं त्यातच दारू दोनदा पडली असणार. नळी मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण बुडाशी शिक्के होते. फुटलेला तुकडा बेनान्सिओने गोणपाटात गुंडाळून नेला आणि आपल्या बाकाच्या खणात टाकला.

मी का नाही बोलले? शंभरदा विचारलं असेल स्वतःला. पहिल्या दिवशी वाटलं, खरंच काडतूस असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बेनान्सिओ तुरुंगात जाईल. तिसऱ्या दिवशी वाटलं, शिक्क्यांवर संशय आला तर कारखाना बंद पडेल, चौदा घरं. हे सगळं खरं होतं आणि हे सगळं मी स्वतःला घातलेलं पांघरूण होतं. मला तो हवा होता. आणि गंमत बघा, त्यानंतर त्याने मला कधी फिरायलाही बोलावलं नाही. मला बघितलं की त्याला त्या तीन दुपारांची कानस ऐकू यायची. दोघंही बिनलग्नाचेच राहिलो.

डाव्या हातात छिन्नी धरता येईना म्हटल्यावर कोस्मेची कारागिरी संपली. बेनान्सिओने मालकांच्या हातापाया पडून त्याला दारावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. दर रविवारी तो कोस्मेकडे जेवायला जायचा आणि त्याचं मांस कापून द्यायचा. त्याच्या हातासाठी त्याने चामड्याचा पट्टा आणि पोलादी चिमटा बनवला, त्यात काटा बसायचा. चिमट्याची जोडणी अशी, की कागद जाणार नाही. हुलियाना म्हणायची, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतो हो बेनान्सिओ." आणि नवऱ्याकडे वळून, "नाहीतर हे! चिमूटभर दारू मोजता येईना आणि म्हणे कलावंत." कोस्मे चिमट्यातला काटा बघत बसायचा.

त्याला वाटत होतं, चूक त्याचीच. चूक असली की ती गावाच्या उपयोगी पडावी, असा त्याचा स्वभाव. आमच्या शिकारी मंडळात हंगाम सुरू होण्याआधी मोठं जेवण असतं, वर्षातून तेवढं एकदाच बायकांनाही बोलावतात. घेवड्याची उसळ, मासा, सफरचंदाची दारू. जेवण झालं की कोस्मे उभा राहायचा. डावा हात वर करायचा. बोलणी थांबायची.

"पोरांनो, बघून घ्या. मी काडतुसं भरत होतो आणि मधेच उठलो. परत येऊन बसलो तेव्हा कुठवर आलो होतो ते आठवलं नाही. दोनदा मोजा. उठलात तर सगळं ओतून पहिल्यापासून मोजा."

दर वर्षी. अठ्ठावीस वर्षं. आणि त्याच्या उजव्या हाताला बेनान्सिओ बसलेला, ताटात बघत.

पहिल्या वर्षी मी जिन्यात त्याला गाठलं. "सांग त्याला. नाहीतर मी सांगते."

"सांगतो. हंगाम संपू दे."

हंगाम संपला. मग म्हणाला, हुलियानाला दिवस गेलेत, बाळंतपण होऊ दे. मग पोराची चर्चमधली पहिली कम्युनिअन. मग मालकांचं आजारपण. शेवटी कारखानाच बंद पडला, निम्म्या गावाचे पडले तसा, मग म्हणाला, आता सांगून काय उपयोग? दर वेळी मी म्हणायची, नाहीतर मी सांगते. आणि दर वेळी घरी जाऊन सूप गरम करायची.

अठ्ठ्याण्णव साली कोस्मेची फुप्फुसं गेली. नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, आठवडा. रविवारी दुपारी मी आणि बेनान्सिओ त्याच्या घरचा जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर बेनान्सिओ कठड्याला धरून थांबला. सत्तर वर्षांचा झाला होता, पण धाप त्यासाठी लागली नव्हती.

"आज सांगतो, फेलिसा. देवाशपथ. तो काय म्हणायचं ते म्हणू दे. थुंकला तरी चालेल. पण आपल्या हातून झालं असं समजून नाही जाऊ देणार त्याला."

"खिशात काय आहे?"

त्याने गोणपाटाचा तुकडा उघडून दाखवला. नळीचा फुटका भाग, चुरगळून उलटलेला. अठ्ठावीस वर्षांनी मी तो पहिल्यांदा बघितला. मला एवढं हलकं वाटलं की मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच धरला.

कोस्मे उशांना टेकून बसला होता. हुलियाना आम्हाला खुर्च्या देऊन स्वयंपाकघरात गेली. बेनान्सिओने खिशात हात घातला. "कोस्मे, मला तुला काहीतरी..."

"थांब. आधी मी," कोस्मे म्हणाला. "माझा श्वास पुरायचा नाही. तू नंतर बोल."

खिशातला हात खिशातच राहिला.

"तुझ्या हातची ती सगळ्यांत चांगली बंदूक होती. लंडनलाही अशी झाली नसेल. ती मी घालवली. बोटं माझी गेली, त्याचं काही नाही. पण त्यानंतर तू कधी घरची बंदूक केली नाहीस, शिकारीला आला नाहीस. मला कळत नाही असं वाटलं तुला? मी तुझ्या हातातली कला मारली, बेनान्सिओ. दारूच्या एका जादा चमच्यापायी. मला माफ कर."

बेनान्सिओचे ओठ हलत होते. मी मनात ओरडत होते, बोल, बोल.

"आणि फेलिसा," कोस्मे माझ्याकडे वळला. "मी उठलो का, हे कधी कुणाला सांगितलं नाही. हुलियानालाही नाही. दार वाजलं होतं. शनिवार होता. तू अंडी घेऊन आली होतीस."

मला आठवलं. सहा अंडी, टोपलीत. टेबलावर काडतुसं ओळीने मांडलेली, आणि तो म्हणाला होता, ये ये, बस.

"तुझ्या जिवाला लागून राहिलं असतं. तुझी काही चूक नाही हं. मोजणारा मी होतो. आता जातोच आहे, तर एकदा सांगावंसं वाटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

अठ्ठावीस वर्षं त्याने मला वाचवलं होतं. माझी नसलेली चूक त्याने पोटात ठेवली होती, आणि मी त्याची नसलेली चूक दर ऑक्टोबरात त्याला गावासमोर कबूल करू दिली होती, उसळ खात.

मग तो पुन्हा बेनान्सिओकडे बघू लागला. वाट बघत होता. एवढ्या आशेने बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

बेनान्सिओचा हात खिशातून बाहेर आला. रिकामा.

"केलं माफ," तो म्हणाला. "केव्हाच केलं."

कोस्मेच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने चिमटा नसलेला डावा हात पुढे केला आणि बेनान्सिओने तो अंगठा आणि ती करंगळी दोन्ही हातांत धरली. मी तोंड उघडलं. मग हुलियाना कॉफी घेऊन आली, आणि मी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला.

कोस्मे गुरुवारी गेला. त्या दिवशी जिना उतरताना बेनान्सिओ मला म्हणाला, "कसं सांगणार होतो गं? त्याला माफीच हवी होती." मी म्हटलं, "भेकड आहेस तू." तो म्हणाला, "हो." मी भेकड आहे असं तो मला म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वी बेनान्सिओही गेला. त्याच्या पुतण्याने एक डबा आणून दिला, वर माझं नाव. आत तो तुकडा. मी जुना मापक काढला आणि नळीची जाडी मोजली. मिलिमीटरच्या वर हवी होती. अर्धा मिलिमीटरही भरली नाही. मी दोनदा मोजली.

शिकारी मंडळात आता कोस्मेचा फोटो आहे, हात वर केलेला, आणि खाली पाटी: दोनदा मोजा. जेवण झालं की अध्यक्ष उभे राहतात आणि माझ्या भावाची चूक नव्या पोरांना सांगतात. त्याची बहीण म्हणून मला पहिल्या टेबलावर बसवतात. तुकडा मी पर्समध्ये घालून नेते. चार वर्षं नेला. चारही वेळा उसळ खाल्ली, टाळ्या पिटल्या आणि घरी आले.